आयातशुल्क वाढतं दिल्लीत, डबा महागतो बेलापुरात : किराणा दुकानदाराचं गणित काय?

१३ सप्टेंबर २०२४. गणपती अजून बसलेले होते. त्या दिवशी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली आणि दुसऱ्या दिवसापासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के झालं. उपकर आणि अधिभार धरून एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेलं. रिफाइंड तेलावरचं १३.७५ वरून ३५.७५ टक्के झालं. पुढे दसरा, दिवाळी, म्हणजे किराणा दुकानात तेल सर्वाधिक खपायचा काळ.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेकाठचं बेलापूर (नवी मुंबईतलं नव्हे) बंदरापासून बरंच लांब आहे. इथला दुकानदार स्वतः काहीच आयात करत नाही. मग या अधिसूचनेशी त्याचा संबंध काय?

संबंध तेलाच्या डब्यातून येतो. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल प्रामुख्याने अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनकडून. वडापाव आणि भजीच्या गाड्यांवर, फरसाणाच्या कढईत जातं ते बहुतेक पामतेलच.

समजा, बंदरावर किलोभर कच्च्या तेलाची किंमत १०० रुपये धरली. आधीच्या शुल्काने ती १०५.५० रुपये व्हायची, वाढीनंतर १२७.५०. त्यावर ५ टक्के जीएसटी, आणि तोही शुल्क धरून झालेल्या रकमेवर. म्हणजे अनुक्रमे सुमारे ११०.७५ आणि १३३.९० रुपये. किलोमागे २३ रुपयांचा फरक तेल बंदरातून बाहेर पडायच्या आधीच पडला.

जुना माल, नवा भाव

गिऱ्हाईक साहजिकच विचारतं, ‘डबा तर जुना आहे, मग भाव नवा कसा?’ केंद्र सरकारनेही १७ सप्टेंबरला तेल कंपन्यांना हेच सुनावलं होतं. कमी शुल्कात आलेलं सुमारे ३० लाख टन तेल देशात आहे, ४५ ते ५० दिवस पुरेल, तोवर एमआरपी वाढवू नका. तरीही बाजारात भाव काही दिवसांतच चढले. घाऊक व्यापारात आजचा डबा उद्याच्या डब्याच्या भावाने विकला जातो, कारण त्या पैशातूनच उद्याचा डबा आणायचा असतो.

यात फायदा कोणाचा? ज्याच्या गोदामात माल होता त्याचा. पाच-दहा डब्यांवर आठवडा काढणाऱ्याकडे जुना साठा असतोच किती! शिवाय पिशवीवर छापलेल्या एमआरपीच्या वर त्याला कायद्याने विकता येत नाही. गिऱ्हाइकाची बोलणी मात्र तोच खातो.

खरा ताण भांडवलावर येतो. उदाहरणादाखल, १,८०० रुपयांचा डबा २,२०० रुपयांना झाला, तर २० डब्यांसाठी ३६ हजारांऐवजी ४४ हजार लागतात. डब्यामागचा नफा तेवढाच राहतो, कारण तो टक्क्यांत वाढवला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात किंवा तालुक्याच्या मॉलमध्ये जातं. वरचे आठ हजार उसने तरी घ्यायचे, नाहीतर माल कमी भरायचा.

उलटं झालं तरी सुटका नाही. ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क १० टक्के झालं, एकूण १६.५. शुल्क उतरलं की महाग घेतलेले डबे अंगावर पडतात. मोठ्या खरेदीदाराला हे धक्के वर्षभराच्या उलाढालीत मुरवता येतात, छोट्याला त्याच महिन्यात सोसावे लागतात.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्याला खरेदीवरच्या जीएसटीची वजावट मिळते, आयातशुल्काची मिळत नाही. ते किमतीत कायमचं मुरतं. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला तर कसलीच वजावट नाही, आणि त्याचा १ टक्का कर उलाढालीवर आहे. माल तेवढाच खपला तरी भाव वाढल्याने उलाढाल फुगते आणि करही वाढतो.

मग शुल्क वाढवतात कशाला?

देशातल्या उत्पादकाला आधार मिळावा म्हणून. हे नुसतं कागदावरचं कारण नाही, याच पट्ट्याने ते अनुभवलं आहे. जावाच्या स्वस्त साखरेपासून संरक्षण देणारा कायदा १९३२ मध्ये झाला, तेव्हा देशात ३० च्या आसपास साखर कारखाने होते. काही वर्षांतच ते १३० च्या पुढे गेले. हरिगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना त्या कायद्याआधीचा. टिळकनगरची महाराष्ट्र शुगर मिल्स १९३३ ची, म्हणजे कायद्यानंतरची.

२०२४ मध्ये हाच आधार सोयाबीनला मिळेल असं सांगितलं गेलं. श्रीरामपूर तालुक्यात उसाबरोबर सोयाबीनही होतं. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. प्रत्यक्षात राज्यातल्या अनेक बाजार समित्यांत सोयाबीन चार ते साडेचार हजारांत विकलं गेलं, आणि नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत तो मुद्दा झाला. तेल महागलं, तर सोयाबीन का नाही? कारण सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८-२० टक्के, बाकी बहुतेक पेंड. पेंडीला परदेशात उठाव नव्हता, आणि देशात मक्यापासून इथेनॉल करताना उरणारा स्वस्त चोथा पशुखाद्यात पेंडीची जागा घेत होता. शुल्काने तेलाचा भाव वर गेला, पण पेंडीने सोयाबीनला खाली धरून ठेवलं.

गावातल्या किराणा दुकानाला हा फटका दुसऱ्यांदा बसतो. तिथलं गिऱ्हाईक म्हणजे हाच शेतकरी. तो दसऱ्याला डबा उधारीवर नेतो आणि सोयाबीन विकलं की खातं मिटवतो. त्या वर्षी वहीत डबा चढ्या भावाने लिहिला गेला, आणि वसुली व्हायची होती ती हमीभावाखाली गेलेल्या पोत्यातून.