घर आणि घराणे

प्राचीन इस्राएल लोकांच्या इतिहासातील एका वचनाची हकीकत आज सांगावयाची आहे. इ. स. पू. १००० च्या सुमारास दावीद राजाने यरुशलेम जिंकले, देवदाराच्या लाकडाचा वाडा बांधला, आणि मग त्याच्या मनाला टोचणी लागली. आपण वाड्यात राहावे आणि देवाचा कोश तंबूत असावा, हे बरे नव्हे. त्याने हा बेत नाथान संदेष्ट्याला सांगितला. त्याच रात्री नाथानाला उलट निरोप आला : राजाने देवाचे घर बांधू नये, देवच राजाचे घर उभारील. हिब्रू भाषेत घर, मंदिर आणि घराणे यांना एकच शब्द आहे. मराठी कानाला हा श्लेष फोड करून सांगावा लागत नाही.

या करारातील मेख अशी की, दावीदाचे वंशज चुकले तर शिक्षा भोगतील, पण गादी जाणार नाही. आपल्या ताम्रपटांत दान 'आचंद्रार्क' दिलेले असते. एकोणनव्वदाव्या स्तोत्रातही या सिंहासनाला सूर्यचंद्रांचीच जोड दिली आहे. अशी सनद हाती आलेला राजा बेफाम होईल, ही शंका रास्तच आहे. पण दावीदाने उरीयाची बायको घेऊन त्याला युद्धात मारविले, तेव्हा त्याला तोंडावर अपराधी ठरविणारा हाच नाथान होता.

शलमोनानंतर, इ. स. पू. ९३० च्या सुमारास, राज्य फुटले. तत्पूर्वीच अहीया संदेष्ट्याने आपल्या नव्या झग्याचे १२ तुकडे करून १० यराबामाच्या हाती दिले होते आणि घराण्याचे वचनही. मात्र आज्ञा पाळशील तरच, या अटीवर. यराबामाचा मुलगा गादीवर आल्याच्या दुसऱ्याच वर्षी मारला गेला. मग उत्तरेत रांगच लागली. सुमारे दोनशे वर्षांत १९ राजे, त्यांतील ७ जणांचा खून; जिम्री तर अवघे ७ दिवस राजा होता. येहूला ४ पिढ्यांचे वचन मिळाले, म्हणजे मुदतीचा पट्टाच म्हणा ना! (गंमत अशी की, अम्रीचे घराणे येहूनेच निर्वंश केले, तरी अश्शूरच्या शिलालेखात तो 'अम्रीचा पुत्र' म्हणूनच नोंदला आहे.) अम्रीच्या मुलाशी, अहाबाशी, झगडलेला एलीया म्हणजे आपल्या कोकणातील बेने इस्राएल मलिद्याच्या विधीत ज्यांचे स्मरण करतात, ते एलियाहू हन्नाबी. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी उत्तरेची राजधानी शोमरोन घेतली.

दक्षिणेत, यहूदात, मात्र एकच घराणे सुमारे चार शतके टिकले. मुलूख लहान, डोंगराळ, सैन्यांच्या हमरस्त्यापासून दूर. इतिहासकाराला ही कारणे सांगावीच लागतात. तरी वचनाचे बळही कमी लेखू नये. अथल्या राणीने राजवंशाचा संहार केला, तेव्हा योआश नावाचे एक तान्हे मूल सहा वर्षे मंदिरात लपविले गेले आणि सातव्या वर्षी गादीवर बसविले गेले. त्या एका पोरासाठी पुजारी आणि पहारेकरी यांनी जीव धोक्यात घातला. हे घराणेच कल्पित असावे, असे काही विद्वान म्हणत. १९९३ मध्ये तेल दान येथे नवव्या शतकातील, इसवी सनापूर्वीचा, अरामी शिलालेख सापडला; त्यात शत्रूच्याच तोंडून 'दावीदाचे घराणे' असा उल्लेख येतो.

इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने मंदिर जाळले. सिद्कीया राजाच्या डोळ्यांदेखत त्याची मुले मारली गेली आणि मग त्याचे डोळे काढले गेले. आता सनदेचे काय? राजांचा ग्रंथ लिहिणाऱ्यांनी शलमोनाच्या तोंडी अट घालून दोष वंशजांवर ठेवला. स्तोत्रकर्त्याला ते पटले नसावे. ज्या स्तोत्रात सूर्यचंद्र आहेत, त्याच्याच उत्तरार्धात तो देवाला सरळ जाब विचारतो की, शपथ कुठे गेली? आणि लोकांनी वचन व तक्रार दोन्ही एकाच प्रार्थनेत जपून ठेवली.

सिद्कीयापूर्वीचा राजा यहोयाखीन बाबेलमध्ये कैदेत होता. तेथील उत्खननात मिळालेल्या मातीच्या विटांवर तेलाच्या शिध्याचा हिशेब आहे. त्यात यहूदाचा राजा म्हणून त्याचे नाव आहे आणि त्याच्या ५ मुलांचेही. पुढे कित्येक शतके बाबेलमधील यहुदी समाजाचे प्रमुख आपला वंश याच कैद्यापर्यंत नेत असत.