ध्यान बाधते तेव्हा

1757 साली जपानमध्ये ‘यासेन कान्ना’ नावाचे एक छोटेखानी पुस्तक छापून बाहेर पडले. लिहिणारा झेन भिक्षू सत्तरी ओलांडलेला होता आणि त्याच्या हाताखाली शिकायला देशभरातून तरुण येत होते. अशा वयात आणि अशा मानाच्या जागी बसलेल्या गुरूने आपल्या साक्षात्कारांच्या कथा सांगितल्या असत्या तर कोणाला नवल वाटले नसते. हाकुइन एकाकूने मात्र आपल्या आजारपणाची हकीगत लिहिली, आणि आजार कशाने जडला तेही आडपडदा न ठेवता सांगितले. तो ध्यानाने जडला होता.

लक्षणे त्याने वैद्यासमोर बसल्यासारखी मोजून दिली आहेत. उष्णता डोक्याकडे चढलेली, छाती कोरडी पडून होरपळत असलेली, पाय मात्र बर्फात बुडवल्यासारखे गार. ओढ्याकाठून चालताना यावा तसा कानांत अखंड आवाज. काखा घामाने ओल्या, डोळ्यांना सतत पाणी. जिवाला कसली तरी धास्ती, उठता-बसता भीती, झोपेत आणि जागेपणीही भास. या दुखण्याला जपानी मठांत ‘झेन-रोग’ असे नावच होते. त्यावरून ते किती नेहमीचे असावे याचा अंदाज येतो.

हाकुइनचा जन्म 1686 चा. एदो आणि क्योतो यांना जोडणाऱ्या तोकाइदो या हमरस्त्यावर, फुजी पर्वताच्या पायथ्याशी हारा नावाचे मुक्कामाचे ठाणे होते. तिथे तो वाढला. लहानपणी नरकयातनांवरचे प्रवचन ऐकून हे पोर इतके धसकले, की न्हाणीखाली पेटवलेल्या जाळाचा आवाज ऐकूनही रडू लागे. नरकातून सुटका हवी म्हणून त्याने पंधराव्या वर्षी गावातल्याच शोइन-जी मठात दीक्षा घेतली. भीतीतून सुरू झालेली ही साधना पुढे अतिशय आक्रमक झाली.

1708 मध्ये एचिगो प्रांतातल्या ताकादा गावी, एइगान-जी मठात तो रात्रंदिवस ध्यानाला बसला होता. दूरच्या घंटेचा नाद कानी पडला आणि त्याला आपण जिंकलो असे वाटले. गेल्या दोन-तीनशे वर्षांत असा अनुभव कोणाला आला नसेल, अशी त्याची खात्री झाली. ही गोष्ट त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि हा गर्व किती फुगलेला होता हेही त्यानेच सांगितले आहे.

हा गर्व उतरवला शिनानो प्रांतातल्या इइयामाच्या म्हाताऱ्या गुरूने. शोजु रोजिन डोंगरातल्या एका साध्या झोपडीवजा मठात राही. हाकुइन आपला अनुभव घेऊन गेला, तर त्याने त्याचे नाक धरून पिरगाळले, भुयारात कोंडलेले भूत म्हणून त्याची संभावना केली आणि एकदा तर ओसरीवरून खाली ढकलून दिले. हाकुइन तिथे आठेक महिने राहिला. या वागणुकीचे कौतुक करताना जपून बोलले पाहिजे, कारण कोवळ्या किंवा आधीच हललेल्या मनाला असा प्रहार सोसत नाही. पण शिष्य जे अंतिम समजून आला होता त्याला गुरूने मान्यता दिली नाही, ही त्यातली मोलाची गोष्ट.

तिथून परतल्यावर त्याने पुन्हा झोप-अन्न सोडून स्वतःला जुंपले, आणि शरीराने हात टेकले. मठातले गुरू झाले, वैद्य झाले, गुण येईना. कोणीतरी सांगितले, की क्योतोजवळ शिराकावाच्या डोंगरात हाकुयु नावाचा एक एकांतवासी राहतो. त्याचे वय कोणी एकशेऐंशी सांगे, कोणी दोनशे चाळीस. हाकुइनच्या सांगण्याप्रमाणे 1710 च्या सुरुवातीला तो खडक चढून त्या गुहेपर्यंत पोहोचला. गुहेत भांडी नव्हती, अंथरूण नव्हते. एका बैठ्या मेजावर तीनच पुस्तके: एक कन्फ्यूशियसच्या परंपरेतले, एक लाओत्सेचे आणि तिसरे बौद्धांचे वज्रच्छेदिका सूत्र.

हाकुयूने आधी कानांवर हात ठेवले. आपण जंगलातली फळे खाऊन हरणांच्या सोबतीने निजणारा एक मरायला टेकलेला माणूस, आपल्याला यातले काय कळणार, असे तो म्हणाला. हाकुइन हटला नाही, तेव्हा त्याने त्याचा हात हाती घेऊन नाडी पाहिली आणि निदान केले: ध्यानात प्रमाण सुटले आहे. हृदयातला अग्नी वर चढला आहे, तो खाली उतरला पाहिजे. सुया टोचणे, दवण्याच्या कुळातली वनस्पती जाळून शेक देणे आणि काढे हे तिथल्या वैद्यकाचे तीन आधार. पण आता त्यांचा एकट्यांचा उपयोग नाही. ध्यानाने जे बिघडले ते ध्यानाचीच दिशा पालटून दुरुस्त करावे लागेल.

मग त्याने जो उपाय सांगितला तो आजही वाचणाऱ्याला सहज करून पाहता येईल इतका साधा आहे. बदकाच्या अंड्याएवढा, शुद्ध, सुगंधी, मऊ लोण्याचा गोळा आपल्या टाळूवर ठेवला आहे अशी कल्पना करायची. तो हळूहळू वितळू लागतो. आधी डोके ओलावते, मग खांदे, दंड, छाती. पुढे फुप्फुसे, यकृत, पोट. पाठीच्या कण्यावरून कमरेपर्यंत, तिथून मांड्या, पोटऱ्या आणि अखेर पायांचे तळवे. छातीत साठलेले सगळे दुखणे त्या ओघाबरोबर, पाणी उताराला लागावे तसे, खाली जाते. त्या काळच्या जपानी जेवणात दूधदुभत्याला फारसे स्थान नव्हते. हे लोणी आले भारतातल्या बौद्ध ग्रंथांच्या आठवणीतून. हाकुयु स्वतः त्यासाठी बौद्ध आगमसूत्रांचा हवाला देतो.

दुसरा उपाय आणखी साधा. झोपण्यापूर्वी उताणे पडून पाय लांब करून जुळवायचे आणि प्राण बेंबीखाली, कमरेत, पायांत, तळव्यांत भरला आहे असे मनाने धरायचे. बेंबीखालच्या त्या स्थानाला जपानीत ‘तांदेन’ म्हणतात. जीवनशक्तीचा साठा तिथे असतो असे चिनी आणि जपानी परंपरा मानतात. हाकुइनने सत्तरीनंतर लिहिले आहे, की एके काळी दोन-तीन मोजे चढवूनही गार पडणारे त्याचे पाय आता ऐन थंडीतही मोज्यांवाचून आणि शेगडीवाचून राहतात.

हकीगत किती खरी? हाकुयु हे काल्पनिक पात्र नव्हे. त्याचे खरे नाव इशिकावा जिशुन, आणि तो शिराकावाच्या डोंगरात राहत होता हे संशोधकांनी नोंदींवरून दाखवून दिले आहे. पण त्याच नोंदींप्रमाणे त्याचा मृत्यू 1709 मधला, म्हणजे हाकुइनने सांगितलेल्या भेटीच्या आधीचा. भेट आधी झाली असेल, किंवा ऐकीव गोष्टींवर हाकुइनने रंग चढवला असेल. पुस्तकाची प्रस्तावना ‘उपासमार आणि थंडी’ असे नाव घेतलेल्या एका शिष्याच्या सहीने आहे. तीही हाकुइनचीच मानली जाते. इतके करून त्याने साधले काय, तर उपायाचे सगळे श्रेय दुसऱ्याच्या पदरात टाकले. स्वतःला त्याने रुग्णाच्या जागी बसवले. गुरूचा आजार शिष्यांपासून झाकण्याची रीत सर्वत्र आढळते. ती मोडणारा हा माणूस म्हणूनच मोठा वाटतो.

शिष्यांसाठी ते आवश्यकही होते. हाकुइन शिकवत होता ते शोइन-जी इतके लहान आणि गरीब, की शिकायला आलेली मुले आसपासच्या पडक्या घरांत, ओसाड देवळांत राहत. थंडी, उपासमार आणि अघोरी चिकाटी यांनी ती खंगत. प्रस्तावनेत त्यांना सांगितले आहे, की आजार वाढला तर आधी कोआन, म्हणजे ध्यानासाठी गुरूने दिलेले कोडे, बाजूला ठेवा आणि गाढ झोप घ्या. एका हाताच्या टाळीचा आवाज कसा, हा जगभर गाजलेला कोआन रचणाऱ्याने हे सांगावे, याला वजन आहे. त्याचा पट्टशिष्य तोरेई एन्जी तरुणपणी असाच मरणाच्या दारी पोहोचला होता. आपण वाचत नाही असे वाटून त्याने आजारपणातच साधनेवरचा आपला मोठा ग्रंथ लिहून काढला. पुढे तो बरा झाला आणि 1792 पर्यंत जगला.

लोण्याचा गोळा हाकुयूच्या नावावर जमा असला तरी या विचाराची मुळे बारा शतके मागे जातात. हाकुयु स्वतः चीनमधल्या झियीचे नाव घेतो. झियी (538–597) हा त्येनताय पर्वतावरचा आचार्य. त्याची ध्यानावरची छोटी पोथी थोरल्या भावासाठी लिहिली गेली असे परंपरा सांगते. तिच्या दहा प्रकरणांपैकी एक मारबाधा, म्हणजे साधनेत विघ्न आणणाऱ्या माराचे उपद्रव, ओळखण्यावर आणि एक आजारांवरच्या उपचारांवर खर्ची पडले आहे. जेवण किती, झोप किती, श्वास कसा, हे तिथे आधी येते. श्वास ऐकू येत असेल, अडखळत असेल किंवा जड असेल तर तो ध्यानाचा श्वास नाही. असून नसल्यासारखा, सूक्ष्म चालणारा श्वासच चालेल.

या पोथीतला आसनावरून उठण्याबद्दलचा भाग तर प्रत्येक साधकाने वाचावा असा आहे. आधी मनाची एकाग्रता सैल करायची, मग तोंडाने श्वास सोडायचा. अंग जरासे हलवायचे. नंतर खांदे, हात, मान, मग पाय. अंग चोळायचे, तळवे एकमेकांवर घासून डोळ्यांवर ठेवायचे, आणि शरीराची ऊब ओसरली की मगच चालू लागायचे. घाईने उठलेल्याचे डोके दुखते, सांधे आखडतात आणि पुढच्या बैठकीत जीव रमत नाही, असे झियी बजावतो. उपचारांच्या प्रकरणात तो आणखी एक अट घालतो: गुण आला तर चार लोकांत मिरवू नये, आणि नाही आला तर लगेच शंका धरून निंदा करू नये.

मिरवण्यावरचे हे बंधन तर थेट भारतातले. वज्जींच्या मुलखात दुष्काळ पडला असता वग्गुमुदा नदीकाठच्या भिक्षूंनी भिक्षा सुखाने मिळावी म्हणून एकमेकांच्या सिद्धींची वाखाणणी गावकऱ्यांसमोर सुरू केली, अशी कथा भिक्षूंच्या नियमांच्या संग्रहात, विनयपिटकात, आहे. त्यावरून नियम झाला: नसलेली सिद्धी आहे म्हणून सांगणारा भिक्षू संघातून कायमचा बाद. अनुभव खरा असला, तरी दीक्षा न घेतलेल्याजवळ तो बोलून दाखवणे हाही दोषच ठरवला गेला.

याच पिटकात वैशालीची दुःखद नोंद आहे. बुद्धाने शरीराच्या अशुभत्वाची भावना शिकवली आणि पंधरवडाभर एकांतात गेला. मागे काही भिक्षूंना आपल्या देहाची इतकी घृणा आली, की त्यांनी जीव दिला. परतल्यावर संघ विरळ का दिसतो, असे बुद्धाने आपला शिष्य आनंद याला विचारले, आणि मग उरलेल्यांना श्वासाच्या स्मृतीची, आनापानसतीची, सौम्य वाट दाखवली. ही घटना परंपरेला गाळून टाकता आली असती. तिने ती जपली.

पाचव्या शतकात पाली भाष्यकार बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला तेव्हा ही सावधगिरी शास्त्रात बसलेली होती. ध्यानाचे विषय चाळीस, माणसांचे स्वभाव सहा, आणि कोणाला कोणता विषय सोसेल हे स्वभाव पाहून कल्याणमित्राने, म्हणजे मार्गदर्शकाने, ठरवायचे. विपश्यनेत प्रकाश दिसणे, रोमांच उठणे, अपार सुख वाटणे अशा दहा गोष्टींना तो उपक्लेश म्हणतो, कारण साधक तिथेच आपण मुक्कामाला पोहोचलो असे समजतो. हा ग्रंथ देवनागरीत संपादून 1940 मध्ये भारतीय विद्या भवनातर्फे आणला तो गोव्यातल्या साखवळच्या धर्मानंद कोसंबींनी. त्यातला ध्यानविचार मराठीत ‘समाधिमार्ग’ या पुस्तकातून वाचकांपर्यंत पोहोचवला तोही त्यांनीच.

मराठी मुलखात ध्यानशिबिर म्हटले की आज आठवते इगतपुरी. तिथले धम्मगिरी केंद्र 1976 पासून चालते. त्याचे संस्थापक सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातले व्यापारी. अर्धशिशीने हैराण होऊन 1955 मध्ये ते रंगूनला उ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा डोकेदुखीवरचा इलाज म्हणून ही विद्या देणार नाही, असे गुरूने त्यांना परत पाठवले होते. मन शुद्ध करायचे असेल तर या, दुखणे गेले तर ते ओघाने जाईल. आज या परंपरेतल्या शिबिराच्या अर्जात मानसिक आजार, चालू औषधे आणि इतर साधना यांची विचारणा असते, रेकीसारख्या ऊर्जा-उपचारांचीही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना हे शिबिर सुचवले जात नाही.

2017 मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी पाश्चात्त्य बौद्ध साधक आणि गुरूंच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ध्यानातल्या अवघड अनुभवांचे 59 प्रकार नोंदले आहेत. झोप उडणे, भीती, भास, अंगात उसळणारी ऊर्जा, अतिउष्णता किंवा थंडी; ‘यासेन कान्ना’ वाचलेल्याला ही यादी अनोळखी वाटणार नाही. दोन दिवसांत कुंडलिनी जागवण्याचे, प्राण वर चढवण्याचे वर्ग आज गावोगावी भरतात. तिथे येणाऱ्याला रात्री झोप लागते का, पूर्वी मनाचे काही दुखणे होते का, हे नोंदणीच्या वेळीच विचारले गेले पाहिजे, आणि वर्ग संपल्यावर त्रास झाला तर कोणाला गाठायचे तेही त्याच्या हाती लिहून दिले पाहिजे.