चिन्हाचं वय कसं काढायचं? प्रकाशाचं टेकाड आणि तिरंग्याचे थर

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलेल्यांच्या कच्च्या यादीत एक विषय हमखास असतो: 'राष्ट्रीय चिन्हांचा उगम आणि विकास'. विषय चांगला आहे. अडचण आहे ती 'उगम' या शब्दात. तापीचा उगम मुलताईला आहे असं नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं. चिन्हाचं तसं नसतं. तरीही आपण आराखड्यात एक तारीख, एक व्यक्ती आणि एक ठिकाण लिहून मोकळे होतो. मग गाईड विचारतात, "याआधी काय होतं?" आणि आपण गप्प.

या लेखात मी एक साधी रीत सांगणार आहे. उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे, तिरंगा. रीत मात्र घेतली आहे नंदुरबार जिल्ह्यातल्या एका गावाकडून.

आधी टेकाड वाचूया

शहादा तालुक्यात तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशा आहे. खानदेशात या गावाला 'दक्षिण काशी' म्हणतात. केदारेश्वराच्या दर्शनाला येणारी माणसं संगमावर अंघोळ करतात आणि परततात. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना मात्र हे गाव वेगळ्या कारणासाठी माहीत असतं. १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी इथलं पांढरीचं टेकाड खणलं. त्यात एकावर एक अशा वस्त्या निघाल्या. सगळ्यात खाली ताम्रपाषाण काळातली, रंगीत नक्षीची मडकी वापरणारी. तिच्यावर लोखंड आणि काळी-तांबडी भांडी वापरणारी. त्यावर इतिहासकाळातल्या आणखी वस्त्या. विशेष म्हणजे पहिल्या दोन वस्त्या सलग नाहीत. ताम्रपाषाण वस्ती संपली, मध्ये काही शतकं गेली, मग लोखंडवाले आले. जागा तीच, पण वस्ती अखंड नाही.

आता उत्खननाचे तीन साधे नियम बघा. हे तुम्हाला जन्मभर पुरतील.

पहिला: प्रत्येक थराचं वय वेगळं काढायचं. 'टेकाड किती जुनं?' हा प्रश्न अर्धवट आहे. 'कुठला थर?' हे आधी विचारायचं.

दुसरा: नंतरच्या माणसांनी खड्डा खणला तर खालची वस्तू वर येते. वस्तू जुनी असते, पण ती वर आली ते काम नंतरच्या माणसांचं असतं.

तिसरा: दोन थरांमध्ये खंड असेल तर तो खंड म्हणूनच नोंदवायचा. मधली जागा आपल्या अंदाजाने भरायची नाही.

चिन्हांचंही असंच असतं. त्यांच्यात मला निदान चार थर दिसतात: आकार, अर्थ, जिव्हाळा आणि कायदा. चारही एकाच दिवशी जन्मले, असं जवळजवळ कधीच होत नाही.

आकार: 'कोणी बनवला?' हा प्रश्न मोडून विचारा

ऑगस्ट १९०७ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात, आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मादाम भिकाजी कामा यांनी भारताचा म्हणून एक झेंडा फडकवला. हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे, मधल्या पट्ट्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्'. कामाबाईंचा झेंडा पुढे पुण्याला आला आणि केसरीवाड्यात जपला गेला. १९१७च्या सुमारास टिळक आणि ॲनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीचा झेंडा आला. त्यात लाल-हिरव्या पट्ट्यांवर सप्तर्षी होते आणि कोपऱ्यात चक्क ब्रिटिशांचा युनियन जॅक होता. कारण मागणी साम्राज्याच्या आतल्या स्वराज्याची होती. १९२१ साली पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींपुढे लाल-हिरवा नमुना ठेवला. चरख्याची सूचना जालंधरच्या लाला हंसराज यांची. पांढरा पट्टा गांधीजींनी घालायला सांगितला.

मग १९३१. काँग्रेसने झेंड्यासाठी सात जणांची समिती नेमली. त्यात पटेल, नेहरू, आझाद, मास्टर तारासिंग आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्याबरोबर आपले काकासाहेब कालेलकर आणि सेवादलाचे डॉ. ना. सु. हर्डीकरही होते. समितीने काय सुचवलं असेल? एकरंगी केशरी झेंडा, त्यावर चरखा. अखिल भारतीय काँग्रेस समितीने ऑगस्ट १९३१ मध्ये तो नाकारला आणि केशरी, पांढरा, हिरवा असे पट्टे व मधोमध चरखा असा तिरंगा स्वीकारला. नाकारलेल्या नमुन्यांचीही नोंद ठेवा. जे झालं नाही त्यावरून, जे झालं ते आपोआप झालं नव्हतं हे कळतं.

आता 'तिरंगा कोणी बनवला?' या नेहमीच्या भांडणाकडे या. एक बाजू वेंकय्यांचं नाव घेते. दुसरी बाजू म्हणते की १९४७च्या अंतिम नमुन्याच्या जुळणीत सुरैया तय्यबजी यांचा हात होता. थर वेगळे केले की भांडणातली निम्मी हवा निघून जाते. एक दावा १९२१च्या थराचा आहे, दुसरा १९४७च्या. दोन्ही तपासायचे, पण एकाने दुसरा खोडायचा नाही.

अर्थ: रंग राहतात, अर्थ बदलतो

१९२१ मध्ये गांधीजींनी रंगांचा अर्थ समाजांशी जोडून सांगितला होता. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतर सर्वांचा. त्यावर लगेच 'आमचा रंग कुठे?' अशा मागण्या येऊ लागल्या. १९३१च्या ठरावाने स्पष्ट केलं की रंगांना जातीय अर्थ नाही. केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांततेचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा. शाळेच्या पुस्तकात आपण जे पाठ करतो ते या दुसऱ्या थरातून आलेलं आहे. म्हणून 'रंगांचा मूळ अर्थ' असं लिहिताना थांबा. कोणत्या सालचा अर्थ, ते आधी लिहा.

जिव्हाळा: ९ सप्टेंबर १९४२

आता प्रकाशाहून नंदुरबारला जाऊ. तेव्हा दोन्ही गावं पश्चिम खानदेश जिल्ह्यात होती. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ला. 'छोडो भारत'ला महिना झाला होता. ९ सप्टेंबर १९४२ला नंदुरबारच्या रस्त्यांवर शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली, हातात तिरंगा. पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण मारले गेले. शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६चा. म्हणजे त्या दिवशी त्याला सोळावंही पूर्ण झालं नव्हतं.

संशोधक म्हणून इथे एक गोष्ट नीट बघा. चळवळीच्या मिरवणुकांत तेव्हा जो तिरंगा असे त्यावर अशोकचक्र नव्हतं, चरखा होता. चक्र झेंड्यावर आलं २२ जुलै १९४७ला. त्यामुळे या प्रसंगाचं एखादं चित्र तुमच्या हाती लागलं आणि त्यात झेंड्यावर चक्र दिसलं, तर ते चित्र १९४७ नंतरचं आहे असं धरून चालायला हरकत नाही. याला चित्रकाराची चूक म्हणून सोडून देऊ नका. पुढच्या पिढीने तो प्रसंग आपल्या झेंड्यात कसा बसवून घेतला, याचा तो पुरावा आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. १९४२ मध्ये तो झेंडा कुठल्याही देशाचा अधिकृत ध्वज नव्हता. सरकारच्या दृष्टीने तो एका चळवळीचा होता. त्याच्याही आधी, १९२३ साली नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. झेंडा घेऊन निघाले म्हणून शेकडो माणसं तुरुंगात गेली, आणि तेव्हा तर खुद्द काँग्रेसनेही तो रीतसर स्वीकारलेला नव्हता. तुम्ही 'राष्ट्रध्वजाचा उगम २२ जुलै १९४७' एवढंच लिहिलंत, तर नागपूर आणि नंदुरबार तुमच्या प्रबंधात 'पूर्वपीठिका' होऊन बसतात. मग ती मुलं कशासाठी मेली, याला तुमच्या प्रबंधात उत्तरच उरत नाही. ठरावाने झेंड्याला मान्यता दिली. त्याला 'आपला' केलं ते आधीच्या माणसांनी.

चक्र: खालच्या थरातून वर आलेली वस्तू

आता खड्ड्याचा नियम आठवा. सारनाथचा सिंहस्तंभशीर्ष इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला, अशोकाच्या काळातला. तो १९०४-०५च्या उत्खननात एफ. ओ. ओर्टेल यांना सापडला. १९४७ मध्ये त्यावरचं चक्र ध्वजावर घेतलं गेलं. याचं एक कारण अगदी व्यवहारी होतं, आणि ते नेहरूंनी संविधान सभेत सांगितलं. चरख्याचं चित्र झेंड्याच्या दोन्ही बाजूंनी सारखं दिसत नाही, नुसतं चाक दिसतं. चरखा गेल्याची खंत गांधीजींनी बोलून दाखवली होती.

मग ध्वजावरचं चक्र किती जुनं? दगड म्हणून बावीसशे वर्षांहून जुनं. राष्ट्रध्वजावरचं चिन्ह म्हणून १९४७चं. 'अशोकापासून आजपर्यंत अखंड चालत आलेलं चिन्ह' असं वाक्य लिहायचा मोह होईल. त्या वेळी प्रकाशाच्या टेकाडातला खंड आठवा. स्तंभशीर्ष कित्येक शतकं मातीखाली होता. तो परंपरेने हातोहात आपल्याकडे आला नाही. विसाव्या शतकातल्या माणसांनी त्याची निवड केली. निवड म्हटल्याने त्याचं मोल कमी होत नाही. उलट कोणी, कधी, का निवडलं, हे प्रश्न विचारता येतात. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेलं 'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन' हे पुस्तक यासाठी जरूर वाचा. मात्र त्याचा निष्कर्ष थेट आपल्यावर चिकटवू नका. सगळंच 'बनवलेलं' म्हणून मोडीत काढणं हाही आळसच आहे.

कायदा: सगळ्यात वरचा थर

हा थर सगळ्यांच्या नजरेत आधी भरतो आणि असतो सर्वांत नवा. २६ जानेवारी २००२ला नवी ध्वजसंहिता लागू झाली. तिच्याआधी सामान्य नागरिकाला आपल्या घरावर वर्षभर कोणत्याही दिवशी राष्ट्रध्वज लावायची मुभा नव्हती, ठरावीक दिवशीच होती. म्हणजे ज्या झेंड्यासाठी मुलं रस्त्यावर उतरली, तो स्वतंत्र देशातल्या नागरिकाला रोज आपल्या घरावर लावता यायला आणखी पन्नासेक वर्षं लागली. चिन्ह कोणाचं, सरकारचं की लोकांचं? हा प्रश्न घेऊन एक अख्खा प्रबंध होऊ शकतो.

तुमच्या आराखड्यासाठी

विषय ध्वज असो, राजमुद्रा असो की तुमच्या गावच्या चौकातला पुतळा, चार रकान्यांचा तक्ता करा: आकार, अर्थ, जिव्हाळा, कायदा. प्रत्येकात तारीख आणि तिचा पुरावा लिहा. आकारासाठी जुने फोटो आणि जपलेल्या वस्तू. अर्थासाठी 'यंग इंडिया', काँग्रेसचे ठराव, संविधान सभेतल्या चर्चा. कायद्यासाठी राजपत्र आणि न्यायालयांचे निकाल. जिव्हाळ्याचा रकाना सर्वांत अवघड. तिथे मुंबईच्या पुराभिलेखागारातल्या पोलिसी नोंदी, स्थानिक वर्तमानपत्रं, घरोघरच्या आठवणी लागतील. १९४२ मध्ये पंधरा वर्षांचं असलेलं माणूस आज शंभरीच्या आसपास आहे. तुम्हाला भेटतील ती त्यांची मुलं आणि नातवंडं. त्यांची आठवण १९४२ची म्हणून नोंदवू नका. ती घरात सांगितली गेलेली आठवण आहे, तिचाही थर वेगळा.

तक्ता भरला की चारही रकान्यांत चार वेगळी सालं दिसतील. त्यांच्यामधलं अंतर नीट बघा. तुमचा संशोधनप्रश्न बहुतेक तिथेच सापडेल.