मॅकिन्टॉशचा चिकट कोट

परवा इस्त्रीहून आलेल्या शर्टाच्या कॉलरवर फुगे! आतलं बकरम चिकटवणारा गोंद सुटला होता. इस्त्रीवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, मग शोधाशोध करत थेट १८२३ च्या ग्लासगोत पोचलो.

तिथल्या चार्ल्स मॅकिन्टॉश या रसायनतज्ज्ञाने त्या साली एक पेटंट घेतलं. डांबरातून काढलेल्या नॅफ्थात रबर विरघळवायचं, दोन कापडांच्या मध्ये थापायचं, की पाणी आत येत नाही. कल्पना झकास. पण हे रबर थंडीत ताठ व्हायचं आणि उन्हात चिकचिकायचं. (वासाबद्दल न बोललेलंच बरं.) पुढे १८४३ मध्ये थॉमस हॅनकॉकने गंधक घालून रबर तापवायचं पेटंट घेतलं. गंधकामुळे रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात, मग ते वितळतच नाही.

गंमत म्हणजे प्लास्टिकचे गोंद आल्यावर तोच दोष कामाला लावला गेला. वितळू दे की, पण आपण ठरवू त्या तापमानाला! ईव्हीए १०० अंशांच्या आतच वितळतो, म्हणजे गरम पाण्याच्या धुलाईत धोका. शर्टाच्या कॉलरला म्हणून हाय डेन्सिटी पॉलिथिन, साधारण १३० अंशांचं. वरची हद्द कापडाची: पॉलिप्रॉपिलिन स्वतःच १६५ च्या आसपास वितळतं, पॉलिएस्टर २६० पर्यंत तग धरतं.

आणि सुती कपड्यांची इस्त्री २०० च्या घरात! गोंद पुन्हा वितळला असणार आणि गरम असतानाच कॉलर दुमडली असणार. मग मीच ओलं फडकं ठेवून इस्त्री दाबून धरली, गार होईपर्यंत हात लावला नाही. एक सोडून सगळे फुगे बसले.