इंधनटाकी गळतीरोधक चाचणी, विमानाची

विमानाच्या इंधनटाकीचे सांधे बुजविणाऱ्या लवचिक द्रव्याची (सीलंटची) प्रयोगशाळेत घेतली जाणारी परीक्षा. बहुतेक प्रवासी विमानांत पंखांची पोकळीच टाकी म्हणून वापरतात. त्यामुळे रिव्हेटभोवतीची प्रत्येक फट बुजवावी लागते. त्यासाठी मुख्यत्वे पॉलिसल्फाइड रबर वापरतात. त्याचे दोन घटक मिसळले की ते हळूहळू घट्ट होते.

चाचणीत मिश्रण किती वेळ लावता येते, त्याची चिकचिक केव्हा जाते आणि शोअर ए मापनावर कठीणपणा किती भरतो, हे पाहतात. पकड तपासताना ॲल्युमिनियमच्या पट्टीवर लेप देऊन त्यात कापड किंवा तारेची जाळी दाबतात. पट्टी जेट इंधनासारख्या द्रवात सुमारे 60° से. तापमानाला 7 दिवस बुडवून ठेवतात आणि मग जाळी सोलून काढतात. लेप स्वतःतच फाटला व धातूवर थर राहिला, तर तो उत्तीर्ण. धातूपासून सुटून आला, तर नापास. सुमारे उणे 54° से. तापमानाला वाकविल्यावर तडा जातो का, हेही पाहतात.

नागपूरच्या मिहान प्रकल्पात बोइंगच्या साहाय्याने उभारलेले एअर इंडियाचे विमान देखभाल-दुरुस्ती केंद्र 2015 मध्ये सुरू झाले. अशा केंद्रांत विमानाच्या मोठ्या देखभालीत टाकीचे सांधे पुन्हा बुजविताना मिश्रणाचा थोडा नमुना बाजूला ठेवतात. तो नीट घट्ट झाला, तरच काम ग्राह्य धरतात.