कांडी, फिरकी आणि गळाचं रीळ

रीळ म्हटलं की आजकाल अंगठा आपोआप स्क्रीनवर सरकायला लागतो. पण कोल्हापुरात या शब्दाची नाती जुनी आहेत. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी इथं सुरू झाली तेव्हा रीळ म्हणजे सिनेमाचं. शिंप्याकडं गेलात तर रीळ म्हणजे दोऱ्याचं. आज मी चौथ्या रिळाबद्दल बोलणार आहे, मासे धरायच्या गळाच्या. आणि मंडळी, तुम्ही मासे धरत नसाल तरी थांबा, कारण ही गोष्ट इचलकरंजीच्या मागावरून जाते.

पंचगंगेच्या काठावर बसणारी जुनी माणसं रीळ वापरत नाहीत. बांबूची काठी, किंवा तीही नाही, नुसती बाटलीला गुंडाळलेली दोरी. गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. चिलापीसाठी एवढं पुष्कळ झालं. रीळ लागतं ते मासा लांब असला किंवा तो तुमच्या दोरीपेक्षा लांब पळणारा असला तर. ही अडचण जुनी आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस चीनच्या मा युआन या चित्रकारानं काढलेल्या चित्रात एकटा माणूस नावेत बसलाय आणि त्याच्या काठीला चक्क रीळ आहे.

हे जुनं रीळ म्हणजे आपली पतंगाची फिरकीच. दोरी ओढली की चाक फिरतं. आता संक्रांतीचा अनुभव आठवा. पतंगानं जोरात मांजा ओढला, फिरकी गरागरा फिरली आणि मधेच पतंगाची ओढ थांबली. फिरकी थांबते का? नाही. ती फिरतच राहते, मांजा सैल पडतो आणि गुंता होतो. गळ लांब फेकणाऱ्याचं अगदी हेच व्हायचं. आमिष पाण्यात पडलं तरी चाक फिरतंय! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या केंटकीत जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीनं दातेरी चाकं बसवून मल्टिप्लायर रीळ केलं. हँडल एकदा फिरवा, चाक अनेकदा फिरतं. दोरी झटपट गुंडाळली जायला लागली, पण फेकतानाचा गुंता तसाच राहिला. तो टाळायला अंगठ्यानं चाक दाबायचं, आणि हे कसब यायला महिने लागतात.

मग गिरणी मदतीला आली. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड हे लोकरी कापडाचं गाव. तिथल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ या गिरणीवाल्यानं १९०५ साली नव्या रिळाचं पेटंट घेतलं. कल्पना सुचली ती गिरणीतल्या बॉबिनवरून. आता तारीख बघा. त्याच्या एकच वर्ष आधी, १९०४ मध्ये, विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला होता. इचलकरंजीच्या पोरांना मी काय सांगतोय ते लगेच कळेल. धोट्यात कांडी असते. धोटा इकडून तिकडं पळतो, सूत सुटत जातं, पण कांडी स्वतः फिरते का? नाही. ती गप्प असते आणि सूत तिच्या टोकावरून निसटत जातं. इलिंगवर्थनं एवढंच केलं: चाक आडवं फिरवायच्या ऐवजी तोंड पुढं करून पक्कं बसवलं. फेकताना दोरी टोकावरून सुटते. चाकच फिरत नाही, त्यामुळं ते जास्त फिरून गुंता करायचा प्रश्नच उरत नाही. ओढताना एक दांडी चाकाभोवती फिरून दोरी गुंडाळते. आज दुकानात ज्याला स्पिनिंग रील म्हणतात ते हेच. कांड्या भरणाऱ्या बायका ही करामत रोज हातात धरत होत्या, पण त्यांच्या वाट्याला पेटंट येणार नव्हतं.

आता खरेदीचं. तलावावर, धरणावर हलकं आमिष फेकून मरळ धरायची असेल तर पहिलं रीळ स्पिनिंगच घ्या, साधारण २५०० किंवा ३००० नंबरचं. ड्रॅग म्हणजे ब्रेक. मासा जोरात पळाला की तो थोडी दोरी सोडतो, म्हणून ती तुटत नाही. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांशावर तो लावायचा. सहा किलोची दोरी असेल तर दीड-दोन किलो, आणि अंदाजानं नाही, ताणकाटा लावून.

ट्रोलिंगचं गणित उलटं. (इंटरनेटवरचं ट्रोलिंग याच मासेमारीवरून आलं असं मानतात: आमिष सोडायचं आणि कोण चावतंय ते बघायचं.) घाट उतरून मालवण-देवगडला गेलात की चालत्या बोटीमागं आमिष ओढत सुरमई धरतात. तिथं फेकायचं काही नाहीच, बोटच दोरी लांब नेते. म्हणजे फिरत्या चाकाची खोड तिथं आडवी येत नाही. उलट त्याचा फायदा होतो: दोरी सरळ चाकावर येते. स्पिनिंगमध्ये ती काटकोनात वळते आणि मोठ्या माशाचा सगळा ताण त्या वळणावर येतो. म्हणून ट्रोलिंगला मल्टिप्लायर, भरपूर दोरी मावणारं, चांगल्या ब्रेकचं. हा आतला ब्रेकही १९१३ च्या सुमारासचा. कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात विल्यम बोशननं असल्याच रिळावर पहिल्यांदा तलवार मासा काढला. दोन्ही कामं एकाच रिळावर करतो म्हणणाऱ्या दुकानदाराचं फार ऐकू नका.

पण मला टोचतं ते वेगळंच. ज्या धंद्यातून हे रीळ निघालं त्याच धंद्याचं रंगीत पाणी, आणि त्यात आपल्या कोल्हापूरचं सांडपाणी, पंचगंगेत जातं. उन्हाळ्यात नदी आटली की तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. २०१२ च्या उन्हाळ्यात तर इचलकरंजीत काविळीच्या साथीत माणसं गेली. माझ्या ओळखीची पोरं महागडी रिळं घेऊन आता नदी सोडून धरणाकडं जातात. जाणार असाल तर गळ टाकायच्या आधी तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारा. पाण्याचा ठेका बहुतेक वेळा त्यांचा असतो आणि घर त्यावर चालतं.

पुढच्या भागात राधानगरी धरण आणि शाहू महाराज. भेटूया.