पडदा हलतोय

गेल्या महिन्यात घरी नवीन मॉनिटर आणला. २७ इंची, फोर-के. खोक्यातून काढला, टेबलावर ठेवला, जुन्या लॅपटॉपला जुनीच एचडीएमआय केबल जोडली आणि चालू केला. अक्षरं अशी सुबक, की छापील पुस्तकच समोर उघडावं. पण माऊस हलवला आणि काहीतरी खटकलं. बाण हाताबरोबर येईना, मागून फरफटत यायचा. सेटिंग उघडून पाहिलं तर रिझोल्यूशन ३८४० बाय २१६०, आणि रिफ्रेश रेट ३० हर्ट्झ.

आधी हसू आलं. मग एकदम डीटीपीवाल्या काकू आठवल्या, आणि हसू थांबलं.

१९९७ सालची गोष्ट. मी कॉलेजात होतो आणि नारायण पेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात संध्याकाळी पडेल ते काम करायचो. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढणं, फ्लॉप्या पोचवणं, आणि 'पोराला कॉम्प्युटरमधलं कळतं' म्हणून मशीनं बिघडली की बघणं. काकू तिथल्या मुख्य ऑपरेटर. टायपिंगच्या परीक्षा पास झालेल्या, हात असा चालायचा की बघत राहावं. पेजमेकरमध्ये अख्खं पान एकदम दिसत नाही, सारखं वर-खाली करावं लागतं, अशी त्यांची तक्रार होती. गणपतीच्या आधी मी मोठ्या ऐटीत त्यांच्या मशीनचं रिझोल्यूशन ८०० बाय ६०० वरून १०२४ बाय ७६८ केलं. पान मावलं. काकूंनी मला चहा पाजला.

आठवड्याभरात त्या म्हणाल्या, "अरे, पडदा हलतोय."

मी पाहिलं. मला काही दिसलं नाही. दुकानातल्या दुसऱ्या मॉनिटरच्या कडा पूर्वी डुलायच्या, तेव्हा मीच शेजारचा स्टॅबिलायझर उचलून लांब ठेवला होता आणि डुलणं थांबलं होतं. आपली वीज ५० हर्ट्झची, मॉनिटर ६० हर्ट्झचा. शेजारच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रानं चित्र त्या दोन आकड्यांतल्या फरकाइतकं, म्हणजे सेकंदाला दहा वेळा डुलतं. तोच उपाय इथंही केला. काकू म्हणाल्या, "अजून हलतोय." मी म्हणालो, "काकू, तुम्हाला सवय नाही एवढ्या बारीक अक्षरांची." हे वाक्य मला आजही टोचतं.

काकूंचं काय झालं ते पुढं सांगतो. आधी तो पडदा खरंच हलत होता का, आणि का, ते सांगायला हवं. त्यासाठी जरा मागं जावं लागेल.

जुना काचेचा मॉनिटर म्हणजे मुळात फर्डिनांड ब्राऊन यांनी १८९७ साली स्ट्रासबुर्गमध्ये केलेली नळी. मागं इलेक्ट्रॉनची गन, पुढं फॉस्फरचा लेप लावलेली काच. शलाका जिथं आदळेल तिथं उजेड पडतो आणि लगेच विझू लागतो. म्हणून शलाकेनं डावीकडून उजवीकडं एकेक ओळ काढत खाली यायचं, आणि तळाला पोचलं की पुन्हा वरून सुरुवात. सेकंदात अशा किती खेपा होतात तो रिफ्रेश रेट. खेपा कमी पडल्या की मधल्या काळात उजेड विझतो आणि डोळ्याला लुकलुक जाणवते.

टीव्हीवाल्यांनी या खेपांचा आकडा घरातल्या विजेवरून घेतला. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची म्हणून तिथं ६०, युरोपात आणि आपल्याकडं ५०. पण पूर्ण चित्र एवढ्या वेळा पाठवणं परवडत नव्हतं. मग युक्ती निघाली: एका खेपेत विषम ओळी काढायच्या, पुढच्या खेपेत सम. यालाच इंटरलेसिंग म्हणतात. आपल्या दूरदर्शनच्या ६२५ ओळी अशाच दोन हप्त्यांत यायच्या. सेकंदाला ५० अर्धी चित्रं, म्हणजे पूर्ण २५. लांबून पाहिलेल्या क्रिकेटच्या मॅचला हे चालून जातं. मैदानाच्या हिरव्या रंगात शेजारशेजारच्या ओळी जवळपास सारख्याच असतात, एकीच्या जागी दुसरी आली तरी कळत नाही.

अमेरिकन आकड्याचीही एक गंमत आहे. १९५३ मध्ये तिथं रंगीत टीव्हीचं मानक ठरलं, तेव्हा रंगाचा संकेत आणि आवाजाचा संकेत एकमेकांत लुडबुड करू नयेत म्हणून ६० चे ५९.९४ केले. १९८७ मध्ये आयबीएमनं व्हीजीए आणलं, त्याच्या ६४० बाय ४८० ला हाच ५९.९४ चिकटला. आजही तुमच्या मशीनच्या सेटिंगमध्ये हा विचित्र आकडा दिसला, तर तो सत्तर वर्षांपूर्वीच्या टीव्हीचा आहे हे ओळखा.

सुरुवातीच्या कॉम्प्युटरला लुकलुकीचा फारसा त्रास नव्हता. १९८१ च्या आयबीएम पीसीचा काळा-हिरवा मॉनिटर चक्क ५० हर्ट्झवर चालायचा. पण त्याचा हिरवा फॉस्फर रेंगाळणारा होता; शलाका पुढं गेली तरी उजेड जरा वेळ टिकायचा. आणि पडदा बहुतेक काळा, उजळ फक्त अक्षरं. मग खिडक्यांचा जमाना आला आणि पडदा कागदासारखा पांढरा झाला. फेरी आणि पोर्टर या दोन शास्त्रज्ञांच्या नावाचा एक जुना नियम आहे: उजेड जितका जास्त, तितकी लुकलुक लपवायला जास्त वेग लागतो. काळ्या पडद्यावर खपलेला वेग पांढऱ्यावर खपेना.

त्यातच रिझोल्यूशन वाढत गेलं. इथं गणित साधं आहे. ओळी गुणिले खेपा म्हणजे सेकंदाला काढायच्या एकूण ओळी. ६४० बाय ४८० ला, वरखालच्या न दिसणाऱ्या धरून, ५२५ ओळी; सेकंदाला साडेएकतीस हजार. १०२४ बाय ७६८ ला ८०६ ओळी. ६० खेपा करायच्या तर अठ्ठेचाळीस हजार. ७५ खेपांना साठ हजार, ८५ ला अडुसष्ट हजारांवर. शलाकेला इतक्या वेगानं मागं-पुढं ओढणारी कॉइल आणि तिच्यामागचं सर्किट महाग पडतं. शिवाय कार्डालाही प्रत्येक ठिपका तितक्या लवकर पुरवावा लागतो: १०२४ बाय ७६८ ला ६० खेपांसाठी सेकंदाला साडेसहा कोटी ठिपक्यांचा वेग, ८५ साठी साडेनऊ कोटी. म्हणजे मॉनिटर आणि कार्ड तेच ठेवून रिझोल्यूशन वाढवलं, तर रिफ्रेश रेट खाली येणारच. चादर आखूड असली की डोकं झाकलं तर पाय उघडे पडतात, तसं.

आयबीएमनं १९८७ मध्येच यावर टीव्हीची जुनी युक्ती वापरली. त्यांचं ८५१४ नावाचं कार्ड १०२४ बाय ७६८ दाखवायचं, पण इंटरलेस करून. सेकंदाला ८७ अर्धी चित्रं, म्हणजे पूर्ण साडेत्रेचाळीस. ओळींचा वेग फक्त साडेपस्तीस हजार. स्वस्तातल्या मॉनिटरलाही झेपेल असा. पुढं कितीतरी वर्षं स्वस्त चौदा इंची मॉनिटरच्या खोक्यावर '१०२४ बाय ७६८' मोठ्या अक्षरात असायचं, आणि 'इंटरलेस्ड' हा शब्द माहितीपुस्तिकेच्या आतल्या पानावर.

असं नव्हे की कुणाला पर्वा नव्हती. एनईसीनं १९८५ मध्ये वेगवेगळे वेग ओळखणारा मल्टिसिंक मॉनिटर काढला होता. १९८९ मध्ये कंपन्यांनी मिळून वेसा ही संस्था काढली आणि कुठल्या रिझोल्यूशनला कुठला वेग याचे तक्ते ठरवायला घेतले. स्वीडनमध्ये तर नोकरदारांच्या संघटनांची मध्यवर्ती संस्था टीसीओ स्वतःच मैदानात उतरली. १९९२ पासून त्यांनी मॉनिटरला आपला शिक्का द्यायला सुरुवात केली, आणि १९९९ च्या नियमांत काचेच्या मॉनिटरला किमान ८५ हर्ट्झ हवेत अशी अट होती. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्यांनी एकत्र येऊन 'पडदा हलतोय' म्हटलं की काय होतं, त्याचं हे उदाहरण. आमच्या दुकानात म्हणणारी बाई एकटी होती.

आता काकूंच्या टेबलाकडं येऊ. तो मॉनिटर ३८ हजार ओळींच्या वर जाऊ शकत नव्हता. मी १०२४ बाय ७६८ निवडलं आणि कार्डानं गुपचूप इंटरलेस लावलं. पडद्यावर कसलाही संदेश नाही, काही नाही.

आणि त्यांचं काम मराठीचं होतं. देवनागरीला शिरोरेषा असते. पडद्यावर बारीक टाइपात ती एक ठिपका जाडीची, सरळ आडवी रेघ. म्हणजे ती बरोबर एकाच ओळीत पडते. एका खेपेत उमटते, पुढच्या खेपेत नसते. रोमन अक्षरांत उभ्या आणि तिरक्या रेघा बऱ्याच, त्या दोन्ही खेपांत वाटल्या जातात. आपल्या लिपीत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावरची रेघ सेकंदाला त्रेचाळीस वेळा विझत-पेटत होती. पानभर.

दुसरं म्हणजे, काकू पडद्याकडं थेट बघतच नव्हत्या. हस्तलिखित डावीकडं लावलेलं, नजर त्याच्यावर, आणि पडदा डोळ्याच्या कोपऱ्यात. डोळ्याची कड लुकलुक टिपण्यात मधल्या भागापेक्षा तरबेज असते. मी दहा मिनिटं समोर उभा राहून पडद्यावर डोळे रोखून बघायचो. त्या दहा तास कडेनं बघायच्या. आम्ही दोघं एकच पडदा बघत नव्हतो.

दिवाळी अंकांचा हंगाम सुरू झाला. काकू कपाळाला बाम लावून बसायच्या. डोळ्यांतून पाणी यायचं. चष्म्याचा नंबर तपासून झाला, चष्मा बदलला, पुन्हा बदलला. घरच्यांनी निदान केलं: 'तुला कॉम्प्युटर मानवत नाही.' दिवाळीनंतर त्यांनी काम सोडलं. त्यांच्या जागी आलेल्या मुलानं पहिल्याच दिवशी रिझोल्यूशन खाली आणलं, "अक्षरं बारीक दिसतात" म्हणून. पुढं त्या मशीनवर कुणाची तक्रार आली नाही, आणि का आली नाही हे कुणी विचारलंही नाही. मीही नाही.

१९९९ मध्ये मी घरच्या मशीनवर लिनक्स चढवत होतो. त्या काळी एक्सफ्री८६ ला मॉनिटरचे वेग स्वतःच्या हातानं लिहून द्यावे लागत, आणि चुकीचे आकडे दिलेत तर मॉनिटर खराब होऊ शकतो अशी तंबी असायची. म्हणून घाबरून सगळं नीट वाचलं. वाचता वाचता एका ओळीत 'इंटरलेस' शब्द आला, साडेपस्तीस हजारांचा आकडा आला, आणि मी तसाच बसून राहिलो. काकूंना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. काय सांगणार, असं वाटलं.

पुढं काचेचे मॉनिटर गेले, एलसीडी आले. एलसीडीचा ठिपका पुढची आज्ञा येईपर्यंत तसाच राहतो, म्हणून ६० हर्ट्झही पुरू लागले आणि लोक हा विषय विसरले. चादर मात्र आखूडच राहिली. आयबीएमचा २००१ चा टी२२० मॉनिटर ३८४० बाय २४०० चा होता. चार केबल लावूनही तो ४१ हर्ट्झच्या वर जायचा नाही. २००९ च्या एचडीएमआय १.४ वर फोर-के जायचं ते ३० हर्ट्झनं. ६० साठी २०१३ चं २.० यावं लागलं. माझा लॅपटॉप त्या १.४ वाल्यांपैकी. त्याच्या दुसऱ्या बाजूला डिस्प्लेपोर्ट होतं. नवी केबल आणली, ६० हर्ट्झ निवडले, बाण सुतासारखा सरळ झाला. सगळा उपाय पाच मिनिटांचा.

तुमच्याकडंही असं झालं तर आधी सेटिंगमध्ये आकडा बघा, मग केबल, मग पोर्ट, मग कार्ड. आणि त्याच्याही आधी, समोर बसणारा माणूस काय म्हणतोय ते ऐका.

त्या रात्री मी काकूंचा नंबर शोधून फोन केला. सत्तरी ओलांडली आहे, आवाज तोच. फोनवर मराठीत भराभर लिहितात म्हणे, नातवंडांपेक्षा जलद. मी सगळं सांगितलं: इंटरलेस, शिरोरेषा, त्रेचाळीस हर्ट्झ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे पडदा हलतच होता ना रे?"

"हो काकू. हलत होता."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या. "घरी सगळ्यांना सांगते."